यामिकीतील शालेय उदाहरणे

गती आणि ती बदलणाऱ्या प्रेरणा यांविषयी माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांत घालण्यात येणारी सांख्यिक उदाहरणे. भौतिकीत विद्यार्थ्याला पहिली मोठी अडचण बहुधा येथेच येते व शिकवणी, मार्गदर्शिका किंवा मित्राची वही यांचा आधार तो येथेच शोधू लागतो. ही अडचण गणिताची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः समीकरण मांडल्यानंतर उरणारे बीजगणित सोपे असते. कोणत्या वस्तूवर कोणकोणत्या प्रेरणा कार्य करतात हे समीकरणापूर्वीच ठरवावे लागते आणि विद्यार्थी अडतो तो तेथे. (शालेय पाठ्यपुस्तकांत प्रेरणेला बल, प्रवेगाला त्वरण व निरूढीला जडत्व असे म्हटलेले आढळते.)

केवळ गतीच्या वर्णनाची उदाहरणे तुलनेने सुलभ असतात. प्रवेग स्थिर असेल, तर आरंभीचा वेग, अंतिम वेग, प्रवेग, काल व विस्थापन या पाच राशींपैकी तीन दिल्या असता उरलेल्या दोन सूत्रांनी मिळतात. दिलेल्या राशी पाहून सूत्र निवडण्याची सवय येथे लागते व प्रेरणांच्या उदाहरणांत तीच घातक ठरते.

आय्झॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गतिविषयक नियमांपैकी दुसऱ्या नियमानुसार वस्तुमान व प्रवेग यांचा गुणाकार वस्तूवरील एकूण प्रेरणेइतका असतो. यातील ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकूण प्रेरणा काढण्यासाठी एकच वस्तू परिसरापासून मनाने अलग करून तिची स्वतंत्र आकृती काढतात व तिच्यावर बाहेरून कार्य करणारी प्रत्येक प्रेरणा बाणाने दाखवितात. प्रत्येक बाणाजवळ ती प्रेरणा लावणाऱ्या वस्तूचे नाव लिहावे : वजन पृथ्वीमुळे, ताण दोरीमुळे, लंब प्रतिक्रिया व घर्षण पृष्ठभागामुळे. ज्या बाणाला असा धनी सापडत नाही, तो बाण खोडावा. वस्तुमान व प्रवेग यांचा गुणाकार ही आणखी एक प्रेरणा समजून आकृतीत घालण्याची चूकही यामुळे टळते.

उदाहरणार्थ, गुळगुळीत टेबलावरील ३ किग्रॅ. वस्तुमानाचा ठोकळा हलक्या दोरीने, टेबलाच्या कडेवरील हलक्या व घर्षणरहित कप्पीवरून, २ किग्रॅ. वस्तुमानाच्या टांगलेल्या ठोकळ्यास जोडला आहे. दोरीतील ताण किती, असे विचारल्यास टांगलेल्या ठोकळ्याचे वजन, म्हणजे १९·६ न्यूटन, हे उत्तर हमखास येते. प्रत्येक ठोकळ्याची आकृती वेगळी काढल्यास त्यातील दोष दिसतो. ताण वजनाइतका असता, तर टांगलेल्या ठोकळ्यावरील एकूण प्रेरणा शून्य होऊन त्याला प्रवेगच मिळाला नसता. ताण ता व प्रवेग प्र मानल्यास टेबलावरील ठोकळ्यासाठी ता = ३प्र आणि टांगलेल्यासाठी १९·६ − ता = २प्र अशी समीकरणे मिळतात. त्यांवरून प्रवेग ३·९२ मी./से.२ व ताण ११·७६ न्यूटन येतो.

तिसऱ्या नियमाबाबतचा गोंधळ याहून चिवट आहे. घोडा गाडीला जितक्या प्रेरणेने ओढतो तितक्याच प्रेरणेने गाडी घोड्याला मागे ओढते. मग गाडी पुढे जाते कशी, हे कोडे जुनेच आहे. क्रिया व प्रतिक्रिया नेहमी दोन भिन्न वस्तूंवर कार्य करतात, त्यामुळे त्या एकमेकींना रद्द करू शकत नाहीत. गाडीच्या आकृतीत घोड्याची ओढ व गतीला होणारा विरोध हे दोनच आडवे बाण येतात. ओढ विरोधाहून अधिक असली की, गाडीला प्रवेग मिळतो. गाडीची घोड्यावरील ओढ घोड्याच्या आकृतीत येते आणि तेथे जमिनीने घोड्याच्या खुरांना पुढे दिलेला रेटाही दाखवावा लागतो.

अशा चुका केवळ दुर्लक्षामुळे होत नाहीत. जे. क्लेमंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरळ वर उडविलेल्या नाण्याचे उदाहरण आहे. नाणे हातातून सुटून वर जात असताना त्यावर (हवेचा रोध सोडल्यास) फक्त खाली ओढणारे वजन असते. तथापि अनेक विद्यार्थ्यांनी वर ढकलणारी प्रेरणाही दाखविली होती. गती आहे तेथे गतीच्या दिशेने प्रेरणा असलीच पाहिजे, ही त्यामागील धारणा. चौदाव्या शतकात झां ब्यूरिदां यांनी फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याने भरलेला जोर असतो, असे मानले होते. विद्यार्थ्याची चूक अशा रीतीने थोर विचारवंतांच्या पंगतीतील आहे व ती केवळ नियम सांगून जात नाही. [⟶ यामिकी].

हार्व्हर्ड विद्यापीठातील एरिक मेझर यांनी अशी साधी, आकडे नसलेली प्रश्नावली वर्गात दिली असता, उत्तरे शिकविल्याप्रमाणे लिहावयाची की स्वतःला वाटते त्याप्रमाणे, असे एका विद्यार्थिनीने विचारल्याचे त्यांनी नमूद केले आहे. प्रेरणाविषयक संकल्पना तपासणारी एक प्रमाणित चाचणी डी. हेस्टेनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या व तिच्यासारख्या चाचणीच्या आधारे आर. आर. हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची तुलना केली. शक्य असलेल्या सुधारणेपैकी प्रत्यक्ष झालेली सुधारणा केवळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०·२३, तर विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या वर्गांत ०·४८ आढळली.

यावरून मदतीचे स्वरूप ठरते. पूर्ण सोडविलेले उदाहरण उतरवून घेतल्याने त्या उदाहरणाचे उत्तर मिळते, पण पुढच्या उदाहरणातील वस्तू अलग करता येत नाही. मदत करणाऱ्याने आकृती स्वतः काढून न देता ती विद्यार्थ्याकडून काढवून घ्यावी व प्रत्येक बाणाचा धनी विचारावा. उत्तर आल्यावर ते टोकाच्या स्थितीत तपासण्याची सवयही लावावी. वरील उदाहरणात टेबलावरील ठोकळ्याचे वस्तुमान नगण्य मानल्यास ताण शून्य होतो व टांगलेला ठोकळा मुक्तपणे पडतो. ते प्रचंड मानल्यास प्रवेग जवळजवळ शून्य होऊन ताण १९·६ न्यूटनांच्या निकट जातो. विद्यार्थ्याने प्रथम दिलेले उत्तर या शेवटच्या स्थितीपुरते बरोबर असते.