धरणगावची पालिका चालवतं कोण?

धरणगावात गटार तुंबली, पथदिवा बंद पडला किंवा ठरलेल्या दिवशी नळांना पाणी सुटलं नाही, की पहिला फोन जातो वार्डाच्या मेंबरला. मेंबर ओळखीचा असतो, गल्लीतलाच असतो, अनेकदा नात्यातलाही असतो. त्यामुळे ‘मेंबरने मनावर घेतलं तर काम होतं, नाही घेतलं तर होत नाही’ हा समज पक्का बसला आहे. पालिकेबद्दलचे बाकीचे बरेचसे गैरसमज याच एका समजातून निघतात.

वस्तुस्थिती अशी की एकट्या नगरसेवकाला पालिकेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. धरणगाव नगरपरिषद चालते ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्यानुसार. या कायद्यात नगरसेवकाची ताकद सभागृहात आहे. तिथे तो प्रश्न विचारू शकतो, माहिती मागू शकतो, कामातला हलगर्जीपणा दाखवून देऊ शकतो आणि मत देऊ शकतो. नगरपरिषद बोलते ती ठरावातून. त्या ठरावाची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात आणि ते राज्य सरकारचे अधिकारी असतात. त्यांची नेमणूक आणि बदली मंत्रालयातला नगरविकास विभाग करतो, नगरपरिषद नाही. मेंबरच्या फोनवर गटार साफ होते ती ओळखीच्या भिडेने. ठरावाने झालेल्या कामाची मात्र कागदोपत्री नोंद राहते आणि त्याचा जाब पुढे कोणालाही विचारता येतो.

‘ठराव झाला म्हणजे काम झालंच’ हा याच्या अगदी उलटा गैरसमज. एखाद्या गल्लीतल्या गटारीचंच पाहा. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. सभेत एक नगरसेवक सूचक होतो, दुसरा अनुमोदन देतो, ठराव मंजूर होतो. मग पालिकेचा अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, त्याला तांत्रिक मंजुरी लागते. खर्च कोणत्या निधीतून करायचा हे ठरून प्रशासकीय मंजुरी मिळते. त्यानंतर निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, काम होतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि शेवटी बिल निघतं. काम यातल्या कोणत्याही टप्प्यावर अडू शकतं. त्यातही ते सर्वाधिक अडतं निधीच्या टप्प्यावर. म्हणून ‘आमच्या गल्लीचा ठराव होऊन वर्ष झालं’ अशी तक्रार करणाऱ्याने पुढचा प्रश्न नेमका विचारायला हवा: ठराव आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे? या एका प्रश्नाने टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

नगराध्यक्षांबद्दलचा गोंधळ मात्र लोकांचा नाही, तो सरकारांनी घातलेला आहे. 2001 साली राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. 2006 आणि 2011 मध्ये ते नगरसेवकांमधून निवडले गेले. 2016 मध्ये पुन्हा थेट निवड आली, 2020 च्या दुरुस्तीने ती गेली आणि 2022 मध्ये परत आली. इतक्या वेळा नियम बदलल्यावर मतदाराने गोंधळून जाणं साहजिकच आहे. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यात धरणगावही होतं. त्या वेळी नगराध्यक्ष थेट निवडायचा होता आणि प्रभाग बहुसदस्यीय होते. म्हणजे मतदाराला नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एक, अशी मतं द्यायची होती. दोन जागांच्या प्रभागात ती तीन होतात. ‘आपला एकच मेंबर’ ही जुनी कल्पना त्यामुळे लागू पडत नाही. प्रभागातून निवडून आलेले सगळेच त्या प्रभागाला उत्तरदायी आहेत.

थेट निवडून आलेला नगराध्यक्ष शहराचा मालक असतो, असाही एक समज आहे. तो सभेचं अध्यक्षपद भूषवतो, स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो, कामकाजावर देखरेख ठेवतो. पण निर्णय बहुमतानेच होतात आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं असू शकतं. शिवाय बहुमताने झालेला ठरावसुद्धा बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

आरक्षणातून निवडून आलेल्या बायकांबद्दल जे बोललं जातं ते मला मनापासून खटकतं. ‘नाव तिचं, कारभार साहेबांचा’ असं सहज म्हणून लोक पुढे जातात. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात बसण्याचा, बोलण्याचा, मत देण्याचा आणि सही करण्याचा अधिकार फक्त निवडून आलेल्या व्यक्तीला आहे. पतीला तिथे नागरिकापलीकडे कोणतंही स्थान नाही. तक्रार अर्ज नगरसेविकेच्या नावाने, तिच्याच हातात द्यावा. लोक पतीकडे जातात म्हणून पती कारभारी होतो.

आता पैशांकडे वळू. ‘आम्ही घरपट्टी भरतो, मग रस्ते का होत नाहीत?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक चुकीचं गृहीतक आहे. धरणगावची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 35 हजार. 40 हजारांपर्यंतच्या शहराची नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते. इतक्या लहान शहराच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून रोजचा खर्च भागवतानाच ओढाताण होते. पूर्वी जकात हे अशा पालिकांचं हक्काचं उत्पन्न होतं. कापसाच्या बाजारपेठेच्या गावाला त्याचं मोल नक्कीच होतं. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान सुरू झालं. तेव्हापासून लहान पालिकांची नजर मुंबईकडे लागलेली असते. मोठी कामं होतात ती राज्य आणि केंद्राच्या योजनांतून, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आणि वित्त आयोगाच्या अनुदानातून.

आणि हा पैसा मनाला येईल तसा वळवता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात अशा शहरांना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. ‘पाण्याचे पैसे आले आहेत, त्यातून आधी आमचा रस्ता करा’ ही मागणी कितीही जोराने केली तरी ती मान्य करणं नियमाबाहेरचं ठरतं. उलट ‘बांधलेल्या निधीतून पाण्यासाठी काय काय केलं?’ हा प्रश्न विचारणं हा हक्क आहे, आणि तो फार कमी वेळा विचारला जातो.

पाण्याचा विषय निघालाच आहे. शहराला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी मिळणं हे इथल्या उन्हाळ्याचं जुनं दुखणं. धरणगाव तालुक्यातल्या पाळधीचे गुलाबराव पाटील राज्याच्या पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याचे मंत्री झाल्यापासून अनेकांना वाटतं की शहराच्या नळाची जबाबदारीही तिथेच जाते. योजनेला मंजुरी आणि निधी मिळणं, यात राज्य सरकारचा वाटा मोठा असतो आणि त्याबद्दल मंत्र्यांना आणि आमदारांना विचारावंच. पण पुरेसं आणि पिण्यायोग्य पाणी पुरवणं हे कलम 49 प्रमाणे नगरपरिषदेचं आवश्यक कर्तव्य आहे. गळती बंद करणं, व्हॉल्व्ह वेळेवर सोडणं, टाकी धुणं, गल्ल्यांचं वेळापत्रक पाळणं या रोजच्या गोष्टी पालिकेच्याच. रस्त्यांवरची दिवाबत्ती, साफसफाई, गटारी, जन्म-मृत्यूची नोंद हीसुद्धा आवश्यक कर्तव्यंच आहेत. बाग आणि वाचनालय ऐच्छिक यादीत येतात. बालकवींच्या जन्मगावाला वाचनालय ऐच्छिक वाटू नये, ही माझी इच्छा. कायदा तसं म्हणत नाही.

तालुक्याचं ठिकाण असल्यामुळे आणखी एक गल्लत होते. तहसील, पंचायत समिती आणि पालिका ही तिन्ही कार्यालयं एकाच गावात आहेत. पण पंचायत समितीचा शहराच्या हद्दीत अधिकार नाही आणि शहराचा मतदार पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेला मत देत नाही. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, जन्माचा दाखला पालिकेचा. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ताही पालिकेचा नसतो, काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात.

समित्यांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ‘समिती म्हणजे पदं वाटण्याची सोय’ असं म्हणून हा विषय गुंडाळला जातो. स्थायी समितीशिवाय बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांची तरतूद कायद्यात आहे. त्यांवर सदस्य जातात ते पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात. म्हणजे विरोधी नगरसेवकही समितीत असतो आणि पाण्याचा कागद त्याच्याही समोर येतो. सभापतीची मुदत एक वर्षाची. मोठ्या सभेत एका विषयाला काही मिनिटं मिळतात. समितीत बसून मोटारीचा खर्च, जलवाहिनीची दुरुस्ती, टँकरचं बिल यांची तासभर छाननी करता येते. समित्या निरुपयोगी असतात असं नाही, त्यांच्या बैठकांकडे कोणी पाहत नाही, हे खरं.

‘नागरिकांची समिती’ या शब्दाखालीही बरंच काही एकत्र केलं जातं. सणांच्या आधी भरणारी शांतता समिती पोलिसांची असते, पालिकेची नव्हे. तिने सुचवलेली खड्डे बुजवण्याची कामं पालिका करते, म्हणून ती पालिकेचीच वाटते. फेरीवाल्यांसाठीची नगर पथविक्रेता समिती 2014 च्या केंद्रीय कायद्याने आली. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले फेरीवाले असले पाहिजेत आणि त्या फेरीवाल्या सदस्यांत एक तृतीयांश स्त्रिया. भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला शहराच्या निर्णयात कायदेशीर जागा देणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते. बचत गटांच्या बायकांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ हे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातले. ते नगरपरिषदेचे भाग नाहीत, पण वस्तीची मागणी एकमुखाने मांडायला त्यांच्याइतकी तयार संघटना दुसरी नाही.

इथे कायद्यातली एक मोठी उणीव दिसते. शेजारच्या पाळधीच्या गावकऱ्याला ग्रामसभा आहे. तिथे तो उभा राहून सरपंचाला हिशोब विचारू शकतो. धरणगावच्या नागरिकाला तशी सभा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने वार्ड समित्या बंधनकारक केल्या, पण तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. लहान शहराचा माणूस दोन्हीकडून वगळला गेला.

म्हणूनच ‘पालिकेची सभा बंद दाराआड असते’ हा गैरसमज जास्त नुकसान करतो. सर्वसाधारण सभा नागरिकांसाठी खुली असते. नागरिकाला बोलता येत नाही, पण बसून ऐकता येतं. शेवटच्या सभेपासून दोन महिन्यांच्या आत पुढची सर्वसाधारण सभा बोलावणं नगराध्यक्षांवर बंधनकारक आहे. स्वीकृत नगरसेवक चर्चेत भाग घेतात, पण त्यांना मत नसतं, हेही तिथे बसल्यावर स्वच्छ दिसतं.

‘प्रशासक असतानाच कामं बरी होतात, नगरसेवकांची भांडणं नकोत’ असं म्हणणारेही भेटतात. 2016 साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत 2021 अखेर संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतरही डिसेंबर 2025 च्या निवडणुका होईपर्यंत राज्यभर प्रशासक राहिले. जवळजवळ चार वर्षं ठराव मांडणारं आणि मंजूर करणारं टेबल एकच होतं. त्या काळातही रस्ते झाले, गटारी झाल्या. पण विरोधात मत नोंदवणारं कोणी नव्हतं, प्रश्न विचारणारं नव्हतं, आणि नोंदवहीत चर्चाही नव्हती. भांडण करणारे नगरसेवक असतात तेव्हा निदान भांडणाचं कारण तरी गावाला कळतं.

त्या चार वर्षांतले प्रशासकीय ठराव आजही पालिकेच्या दप्तरात आहेत. माहितीच्या अधिकारात त्यांच्या प्रती मागता येतात आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात ‘शहरातील सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहिलं तर अर्ज अडकतो. सभेची तारीख, ठराव क्रमांक, कामाचं नाव, मोजमाप पुस्तिकेतलं पान आणि बिलाची रक्कम असं नेमकं मागावं.