लग्न लागते कशाने, मोडते कुठे?

स्टँपपेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, की नवरा-बायको ‘मोकळे’! असे समजून पुन्हा बोहल्यावर चढणारी माणसे जबलपुरात आहेत, तशी जळगावातही आहेत. मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६पासून जबलपुरात आहे. त्याच न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने नोटरींना बजावले आहे, की लग्न लावणे किंवा घटस्फोटाचा दस्त करून देणे हे तुमचे काम नव्हे. तरी लोकांचा समज काही जात नाही.

मुंबई प्रांतातल्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क १९४७च्या प्रांतिक कायद्याने मिळाला. जबलपूर तेव्हा मध्यप्रांतात. तिथल्या मराठी घरातली लेक १८ मे १९५५ला हिंदू विवाह कायदा येईपर्यंत थांबली.

हा कायदा लग्नासाठी कागद मागत नाही, विधी मागतो. वधू किंवा वर, कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे तो व्हावा. त्यात सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पुरे झाले. नोंदणी हा नंतरचा पुरावा. विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतलेल्या जोडप्याचे लग्न झालेलेच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये सांगितले. भटजी नकोत, त्यांच्यासाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहे : तीस दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न. त्याच्या जुन्या अवतारात ‘मी हिंदू नाही’ असे लिहून द्यावे लागे. ती अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांपुरती १९२३मध्ये सुटली, ती जबलपूरच्या शेजारच्या सागरचे बॅरिस्टर हरिसिंग गौर यांच्या विधेयकामुळे.

विधीच्या या आग्रहाला एक विचित्र फळही आले. महाराष्ट्रातल्या भाऊराव लोखंडे यांच्यावर पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा खटला झाला. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे. होम नाही, सप्तपदी नाही, आणि तशी रूढी असल्याचेही सिद्ध झाले नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी दुसरे लग्न झालेच नव्हते. १९६५मध्ये आरोपी सुटला! पहिल्या बायकोच्या पदरात काय पडले, ते वाचकाने ताडावे.

लग्न मोडण्याचा रस्ता मात्र, जातीची जुनी काडीमोडीची रूढी सिद्ध झाली तर तेवढी सोडून, कोर्टातूनच जातो. पुण्याचे दास्ताने प्रकरण वकिलांना आजही तोंडपाठ असते. १९७५मध्ये न्या. य. वि. चंद्रचूड यांनी ठरवले, की क्रूरता फौजदारी गुन्ह्याइतकी निर्विवाद शाबीत करावी लागत नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहावे. बायकोची क्रूरता सिद्ध झाली, पण नंतरच्या सहवासाने नवऱ्याने ती माफ केली, असे धरून त्याला विभक्तताही नाकारली. क्रूरतेवरून थेट घटस्फोट मागण्याची सोय १९७६च्या दुरुस्तीने झाली. तीच दुरुस्ती परस्परसंमतीचा घटस्फोटही घेऊन आली : वर्षभर वेगळे राहणे, दोघांचा अर्ज, मग सहा महिने थांबणे. ही मुदत न्यायालय माफ करू शकते, हे २०१७मध्ये स्पष्ट झाले.

पोटगीचा सर्वांत गाजलेला दावा इंदूरच्या शाहबानोंचा. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले, मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने १९८०मध्ये १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५मध्ये तो आकडा कायम करणारे निकालपत्र पुन्हा चंद्रचूडांचेच.

दोष कुणाचाच नाही, पण संसार कायमचा मेला आहे, अशा जोडप्याचे काय? २०२३च्या निकालाप्रमाणे सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२खाली त्यांना मोकळे करू शकते. जबलपूरच्या कुटुंब न्यायालयाला तो अधिकार नाही. तो देणारे विधेयक राज्यसभेने २०१३मध्ये मंजूर केले होते. ते लोकसभेत अडकले आणि २०१४मध्ये तिच्याबरोबरच बरखास्त झाले.