वाळू काय अडविते ?

माठाच्या तोंडास धुतलेलें वस्त्र बांधून पाणी गाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु वस्त्रांतून निसटणारा एक नवा मळ हल्लीं पाण्यांत आला आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोर व कृत्रिम धाग्यांचे कपडे झिजून त्यांचे ५ मिलिमीटरहून लहान कण होतात. कित्येक तर डोळ्यांस दिसतही नाहींत.

वाळूचा जाड थर यांपैकीं पुष्कळ कण अडवितो. इ. स. १८२९ मध्यें जेम्स सिम्प्सन यानें लंडनच्या चेल्सी भागांत जी मंद गाळणी बांधिली, त्या जातीच्या गाळणींत पाणी तासास १० ते २० सेंटिमीटर इतकेंच खालीं उतरतें. वाळूवर कांहीं दिवसांत जीवजंतूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. पाहून किळस येते खरी, पण मोठें काम तोच करितो. अतिसूक्ष्म कण मात्र वाळूसही चुकवितात; त्यांसाठीं आधीं तुरटी फिरविल्यास ते एकमेकांस चिकटून जड होतात.

आतां पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील, संग्रामपूर वा जळगांव जामोदकडील एखादी माउली विचारील, "आमच्या विहिरीचें पाणी वाळूनें गोडें होईल काय ?" होणार नाहीं. प्लॅस्टिकचा कण पाण्यांत असूनही पाण्याहून निराळा राहतो. मीठ विरघळतें आणि पाण्याबरोबरच वाळूच्या फटींतून उतरतें. गाळलेलें पाणी निवळशंख दिसेल, तरी खार तसाच. म्हणूनच तिकडील गांवांस वान धरणाचें गोडें पाणी नळानें पुरविण्याची योजना झाली. तें पाणी उघड्या जलाशयांतलें. तेथें वाळूस काम आहे.