कमावलेलं कातडं आणि दोन सुया

चामडकाम छंद म्हणून शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी फोन उघडतात आणि तीस-चाळीस अवजारांचा खोका मागवतात. त्यातली निम्मी अवजारं नक्षी उठवायची असतात, पाती बोथट असतात आणि सोबत आलेला चामड्याचा तुकडा नेमका कसला, हे कुणालाच सांगता येत नाही. हा क्रम उलटा आहे. आधी चामडं ठरवायचं. अवजारं त्यामागून येतात आणि सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतकीच लागतात.

मीरा-भाईंदरकरांना चामडं बघायला फार लांब जावं लागत नाही. धिमी लोकल पकडून माहीमला उतरायचं आणि पूर्वेला बाहेर पडून धारावी गाठायची. (आपल्या चौक गावची धारावी देवी वेगळी, ही माहीमच्या खाडीकाठची.) धारावीत पहिली टॅनरी १८८७च्या सुमारास आली. आता कातडी कमावण्याचं काम तिथून बहुतांशी हललं आहे. माल तमिळनाडू, कानपूर, कोलकात्याहून येतो आणि धारावीत त्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटं होतात. काळा किल्ला आणि लिंक रोडच्या दर्शनी दुकानांत तयार माल असतो. सुटं चामडं हवं असेल तर आतल्या गल्ल्यांत विचारत जावं लागतं.

दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. हे चामडं कशानं कमावलंय, ते विचारा. कच्चं कातडं कुजतं. ते कुजू नये म्हणून त्यातल्या तंतूंना दुसऱ्या पदार्थानं बांधून घेणं म्हणजे कमावणं. जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम एखाद्या दिवसात उरकतं आणि चामडं मऊ, लवचीक, पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारं होतं. जुनी रीत झाडपाल्याची. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्याला कित्येक दिवस लागतात, आणि तयार होतं ते ताठ, घट्ट, लाकडी रंगाचं चामडं. बाजारात त्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात. या नावावरून ते शाकाहारी असल्याचा समज काहींचा होतो. तसं अर्थातच नाही.

शिकणाऱ्यानं व्हेज टॅनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते सुरीखाली सरकत नाही, ओलसर करून दाबलं की आकार धरतं, आणि त्याची कड घोटली की आरशासारखी नाही तरी छान तुकतुकीत होते. क्रोमची कड घोटून बसत नाही, तिला रंगाचे थर द्यावे लागतात आणि नवख्या हाताला ते जमत नाहीत. ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात बघा. आत निळसर-राखाडी झाक दिसली तर बहुधा क्रोम. व्हेज टॅन आरपार तपकिरी असतं आणि रंग-पॉलिश न चढवलेलं असेल तर पाण्याचा थेंब टाकताच तिथे गडद होतं.

दुसरी पारख थराची. म्हशीचं कातडं जाड असल्यानं यंत्रावर त्याचे आडवे थर पाडतात. वरच्या थराला नैसर्गिक रंध्रं असतात आणि ताकद तिथेच असते. खालच्या थरावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवून, त्यावर खोटी रंध्रं छापून तोही ‘अस्सल लेदर’ म्हणून विकतात. नाव खोटं नाही, पण माल दुय्यम. चामडं दुमडून बघा. खऱ्या वरच्या थरावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. पापुद्र्यावर एक सरळ घडी उमटते. मागची बाजू फार केसाळ, सुटी वाटली तर ठेवून द्या.

चामडं चौरस फुटावर विकतात आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. पाकिटाला १ ते १.२, पिशवीला २ च्या आसपास, कमरेच्या पट्ट्याला ३ ते ३.५ पुरे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे दिसेल ते बहुतेक म्हशीचं, शेळीचं नाहीतर मेंढीचं. मेंढीचं फार मऊ आणि ताणलं जाणारं, ते टाळा. शेळीचं पातळ असूनही चिवट असतं आणि पूर्ण कातडंही लहानच, म्हणजे पहिल्या खरेदीला सोयीचं. मोठ्या कातड्यात पाठीचा भाग घट्ट आणि पोटाचा सैल. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापतात तो याचसाठी, नाहीतर तो महिन्याभरात लांबतो.

आता अवजारं. सरळ कापायला चांगला कटर आणि स्टीलची पट्टी. भोकं पाडायला काट्यासारखी दातेरी छिन्नी, दोन दातांमधलं अंतर ४ मिलिमीटर. लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा, कारण लोखंडी हातोड्यानं छिन्नीचं डोकं पसरतं. बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, एक आरी, सँडपेपर. खाली ठेवायला मार्बलच्या दुकानातला उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर जाड रबर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे सगळं टेबलाच्या पायाच्या बरोबर वर मांडा. आवाज बराच उतरतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत. कड पातळ करणारी रापी मात्र नंतर घ्या. तिला धार लावायला शिकणं हेच वेगळं काम आहे.

पहिली वस्तू पास आणि एटीएम कार्ड ठेवायचं कव्हर. कार्ड असतं साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटर. १.२ मिलिमीटर जाडीचे ९८ बाय ६२ चे दोन तुकडे कापा. एका तुकड्याच्या लांब बाजूवर अंगठ्यासाठी अर्धगोल खाच द्या. ही बाजू उघडी राहील आणि तिची कड आताच घोटून घ्या, शिवल्यावर तिथे हात पोचत नाही. उरलेल्या तीन बाजूंना ३ मिलिमीटर रुंद चिकटद्रव्य दोन्ही तुकड्यांना लावा, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. कडेपासून ३ मिलिमीटरवर रेघ ओढून छिन्नी चालवा. प्रत्येक वेळी छिन्नीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवला की अंतर चुकत नाही.

शिवण २२ सेंटिमीटर होते. दोरा तिच्या चौपट आणि वर थोडा, म्हणजे साधारण एक मीटर. दोन्ही टोकांना सुई ओवा, पहिल्या भोकातून दोरा अर्धा ओढून घ्या. पुढे प्रत्येक भोकातून आधी डावी सुई, मग त्याच भोकातून उजवी. मग दोन्ही हात सारख्या जोरानं ओढायचे. क्रम एकदाही बदलू नका, टाका तिरका पडतो आणि लगेच नजरेत येतो. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. इथे प्रत्येक भोकात दोरा दोनदा गेलेला असतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. शेवटी दोन भोकं मागे येऊन दोरा कापा. पॉलिएस्टर असेल तर टोक काडीच्या आचेवर वितळवून बसवा. मग कडा सँडपेपरनं एकसारख्या करा, किंचित ओल्या करा आणि जाड कॅनव्हासच्या कापडानं जोरात घोटा.

ओल्या व्हेज टॅनला गंजकं लोखंड लागू देऊ नका. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. कलमकारीतला काळा रंग करायला गुळाच्या पाण्यात गंजकं लोखंड भिजत घालतात, त्यामागे हीच क्रिया आहे. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस फिका करतो, पूर्ण घालवत नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. कातडी कमावणारा ढोर समाज आणि ती शिवणारा चर्मकार समाज यांनी हे कसब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आणि त्याबद्दल त्यांना अस्पृश्यता मिळाली. आज तेच काम आपल्याला रविवारचा छंद म्हणून लाभतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. ती चप्पल खिळ्याविना, चामड्याच्याच वादीनं शिवतात. एकदा हातात घेऊन तिची शिवण उलटसुलट बघा. आणि स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार दादांकडून आरी धरायला शिकणार असाल तर त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकटचं कौतुक नको.

खरेदीला पावसाळ्यात निघू नका. एका बाजूला वसईची खाडी, भोवती मिठागरं. जून ते सप्टेंबर इथल्या घरांत न रंगवलेल्या चामड्यावर बुरशी धरतेच. असलेला माल प्लास्टिकमध्ये न बांधता सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवा, बुरशी दिसली तर कोरड्या कापडानं पुसून सावलीत वाळवा, उन्हात नाही. नवं कातडं दिवाळीनंतर घ्या, आणि घ्याल तेव्हा एकच घ्या.