कारखान्याची भाषा आणि व्यवसायशिक्षण

व्यवसायशिक्षणाने तरुण स्वावलंबी होतो असे म्हणताना सामान्यतः त्याच्या हाताला लाभणाऱ्या कौशल्याचाच विचार केला जातो. त्या कौशल्याबरोबर त्याला कोणती भाषा मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. परंपरागत व्यवस्थेत सुताराची विद्या व तिची परिभाषा ही दोन्ही जातीच्या व घराण्याच्या कुंपणात होती. रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा हे शब्द मुलगा बापाच्या हाताखाली नकळत शिके. बाहेरच्याला विद्याही दुर्लभ आणि शब्दही. १९५० सालच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेने व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने हे कुंपण पुष्कळसे मोडले. परंतु त्यामुळेच, घरात न मिळालेली परिभाषा वर्गात मिळणे भाग पडले.

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व्यवसायनामे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. टर्नरला ‘कातारी’ म्हटले गेले. लाकूड कातणाऱ्या कारागिराचे हे जुनेच नाव. लाकडाच्या जागी पोलाद आले, नाव टिकले. फिटरसाठी योजलेला ‘जोडारी’ हा शब्द ‘चितारी’, ‘पिंजारी’ यांच्या वळणाचा, म्हणून ऐकताक्षणीच अर्थ देणारा आहे. वेल्डरचा ‘संधाता’ मात्र, ‘सांधणे’ या क्रियापदाचा आप्त असूनही, कानाला परका वाटतो. तो प्रमाणपत्रावर राहिला. कामाच्या जागी वेल्डरच. येथे शुद्धतेचा आग्रह व्यर्थ होय. ‘गुण्या’ मूळचा ग्रीक व फारसीमार्गे आलेला, ‘मेस्त्री’ पोर्तुगीज, ‘गिरमिट’ इंग्रजी. त्यांपैकी एकानेही कोणा मराठी कारागिराचे काम अडविले नाही.

खरी अडचण नामांची नसून वाक्यांची आहे. हत्यारांची नावे आठवड्याभरात पाठ होतात. पण आरेखनावर दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५, असे लिहिलेले असता २५.०४ चा दांडा का चालतो व २५.०७ चा का नाकारावा लागतो, हे सांगावयास ‘जर’, ‘तर’, ‘इतक्या मर्यादेपर्यंत’ अशी कार्यकारणाची भाषा लागते. ती ज्याला समजेल अशा रीतीने मिळाली नाही, तो उमेदवार मेस्त्रीच्या हाताकडे पाहून काम करतो आणि मेस्त्री नसेल तेव्हा थांबतो. कुशल असूनही तो परावलंबीच राहतो. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी त्याचे नाव पुढे येत नाही.

ही गोष्ट एका संस्थेने फार पूर्वी ओळखली होती. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशभाषांतून देण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी परिभाषेचे व ग्रंथांचे कार्य हाती घेतले. रसायन, रंगकाम यांसारखे विषय शिकविण्याआधी ते ज्या भाषेत शिकवावयाचे ती सज्ज केली पाहिजे, हा त्यामागील विचार. पुढे, १९४९ मध्ये बडोद्यास विद्यापीठ झाल्यावर, कलाभवन त्याच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले आणि तेथील अध्यापन इंग्रजीतून होऊ लागले.