विहिरीवरील जुने इंजिन : बांधून घ्यावे की नवे आणावे?

विहिरीवरील डिझेल इंजिन धूर ओकू लागले की शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : हे बांधून घ्यावे, की मोडीत देऊन नवे आणावे? विजेचा पंप आला तरी विजेच्या वेळा पिकाच्या वेळांशी जुळतातच असे नाही. त्यामुळे पुष्कळ मळ्यांत इंजिन अद्याप जागेवर आहे.

प्रथम दोष इंजिनाचाच आहे काय, हे पाहावे. पाणी कमी पडते म्हणून इंजिनास बोल लावला जातो, आणि गळत असतो तळाचा फूटव्हॉल्व्ह. धूर काळा असेल तर नोझल, हवेची गाळणी व इंजिनावरील भार तपासावा. एवढ्यासाठी इंजिन खोलण्याचे कारण नाही. निळा धूर मात्र वंगण जळत असल्याची खूण होय.

मागील रब्बीत एका कांदा बागायतदाराचे ५ अश्वशक्तीचे, ८० मिलिमीटर व्यासाच्या लायनरचे इंजिन आमच्या पाहण्यात आले. दोन वर्षांत त्यात दोनदा नव्या रिंगा घातल्या होत्या, आणि दोन्ही वेळा थोड्याच महिन्यांत निळा धूर परतला. कांदा पोसण्याच्या ऐन दिवसांत इंजिन बसले व पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या. रिंगा चांगल्या होत्या. झिजला होता तो लायनर, आणि तो कोणी मापलाच नव्हता.

हे माप गावातही घेता येते. पिस्टन काढून नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवावी. तळाशी, जेथे झीज नसते तेथे, रिंगेच्या तोंडातील फट फिलर गेजने मोजावी. नंतर वरची रिंग जेथून परत फिरते तेथे मोजावी. दोहोंतील फरकास ३ ने भागले म्हणजे व्यासातील झीज कळते. या इंजिनात फट खाली ०.३५ व वर १.५५ मिलिमीटर भरली. म्हणजे झीज सुमारे ०.४ मिलिमीटर. पाव मिलिमीटरपुढे गेलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालणे हा पैशाचा अपव्यय होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फिलर गेज जवळ बाळगावे. त्याची किंमत फार नसते.

लायनर व पिस्टन बदलता येतात. खरा निर्णय ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट यांवर करावा. ब्लॉकला तडा असेल, बेअरिंगची बैठक बिघडली असेल, क्रँक घासून घासून शेवटच्या मापास आला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर नवे इंजिन घ्यावे. आमच्या मते बांधणीचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे जाऊ लागला तरीही तेच बरे.

डिझेलचाही हिशेब ठेवावा. असे ५ अश्वशक्तीचे सुस्थितीतील इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे सव्वा लिटर डिझेल घेते. वरील इंजिन दीड लिटरहून अधिक घेत होते. वर्षास ४०० तास चालवल्यास पाव लिटरच्या फरकाने १०० लिटर वाया जातात.

त्या बागायतदाराचा ब्लॉक निर्दोष निघाला. क्रँक पाव मिलिमीटर घासून, त्या मापाची बेअरिंगे व नवा लायनर-पिस्टन घालून इंजिन बांधले. पहिले २५ तास ते निम्म्या भारावर चालवून नंतर वंगण बदलण्यास आम्ही सांगितले. ही गोष्ट फिटर बहुधा सांगत नाहीत.