कुणब्याचे गाव आणि त्याचे कागद : लोणी व पिंपळे सौदागर

भारतीय भाषांतील ग्रामीण कथा-कादंबऱ्यांचा अभ्यास करताना आपण बहुधा एक गृहीत मनाशी धरून चालतो. शहरे बदलली, राज्ये आली आणि गेली, परंतु गाव आपल्या जागी स्वयंपूर्ण व अविचल राहिले. पुढे केव्हातरी रस्ता, कचेरी आणि सावकार आले व त्याची घडी विस्कटली, असे ते गृहीत होय. या चित्राचे मूळ गावात नाही. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात दख्खनच्या गावाला छोट्या राज्याची उपमा दिली; १८३० मध्ये मेटकाफने उत्तरेकडील गावांना लहान प्रजासत्ताके म्हटले. दोघेही राज्यकर्ते होते, आणि महसुलाची व्यवस्था लावताना गाव हे एक स्थिर एकक म्हणून हाती असणे त्यांच्या सोयीचे होते. पुढे हेच चित्र राष्ट्रीय विचारात आणि तेथून साहित्यात उतरले. पुण्याजवळच्या दोन लहान गावांचे जे तपशील उपलब्ध आहेत, ते मात्र या चित्राशी जुळत नाहीत.

त्यांपैकी पहिले गाव लोणी, म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद. पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १८२० मध्ये, थॉमस कोट्स या शल्यवैद्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीसमोर या गावाचे वर्णन वाचले. ते १८२३ मध्ये छापून निघाले. गावाचे क्षेत्र ३,६६९ एकर, त्यांपैकी १,९५५ एकर लागवडीचे, बाकी गायरान व पडीक. घरे, अवजारे, अन्न, वस्त्र, सणवार यांची कोट्सने बारकाईने नोंद केली आहे. भारतातील एखाद्या गावाचे इतके जवळून केलेले इतके जुने वर्णन विरळाच.

हे वर्णन समजण्यासाठी दख्खनी गावातील जमीनधारणेचे दोन शब्द मराठीबाहेरील वाचकाने ध्यानात घेतले पाहिजेत. 'मिरासदार' अथवा 'थळकरी' म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणारा कुणबी. त्याचे थळ त्याच्या कुळाच्या नावाने ओळखले जाई, सारा भरीत असेतो त्याला कोणी काढू शकत नसे, आणि गावाच्या सभेत त्याला बसण्याचा मान असे. 'उपरी' म्हणजे बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. त्याला मान नाही. पण बंधनही नाही, दुसऱ्या गावी सवलतीचा कौल मिळाला की तो उठून जाई. तिसरा शब्द 'गतकुळ'. ज्या मिराशी कुळाचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झाले, त्याची जमीन गतकुळी म्हणत. एकट्या या शब्दाचे अस्तित्वच पुरेसे बोलके आहे. गावे ओस पडत, कुळे नाहीशी होत, नवी माणसे बोलावून वसवली जात. अविचल गावाच्या भाषेला अशा शब्दाची गरज पडली नसती.

सर्वांत महत्त्वाची नोंद कर्जाची आहे. लोणीतील ८४ शेतकऱ्यांपैकी पंधरा-सोळा वगळता सारे सावकाराचे देणेकरी होते, आणि गावाचे एकूण कर्ज सुमारे साडेचौदा हजार रुपये होते. हा आकडा १८२० चा आहे, हे विसरून चालणार नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तो अनेक गावांत पसरला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. या घटनाक्रमावरून असे लिहिण्याचा प्रघात पडला की सावकारी पाश हा इंग्रजी दिवाणी न्यायालयांनीच निर्माण केला. न्यायालयांनी तो पाश अधिक घट्ट केला, हे निर्विवाद. सावकाराच्या हाती जमीन जाण्याची वाट त्यांनी मोकळी केली. परंतु कर्ज त्यांच्याबरोबर आले नाही. ते लोणीत आधीच होते.

स्वयंपूर्णतेचा दुसरा आधार म्हणून बलुतेपद्धतीकडे बोट दाखवले जाते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग आदी बलुतेदार वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घेत. उत्तर भारताच्या अभ्यासकांना येथे जजमानी आठवेल. करीमपूर गावाविषयीचा वायझर यांचा १९३६ चा ग्रंथ त्यांच्या परिचयाचा असतो. परंतु हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले आहे की अठराव्या शतकातील महाराष्ट्रात बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा नव्हे, तर सबंध गावाचा सेवक असे, आणि त्याची सेवा हे त्याचे वतन असे. वतन म्हणजे हक्क, आणि हक्क म्हटला की तंटा आला. या तंट्यांच्या निवाड्यांचे महजर मोडी लिपीत राहिले आहेत. त्यांवर अक्षरशत्रू गावकरी आपापली निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे. कुणब्याच्या गावाने स्वतः लिहिलेला म्हणावा असा मजकूर बहुधा एवढाच. तथापि वतनाच्या गौरवात एक गोष्ट झाकली जाऊ नये. महारकीचे वतन हे हक्कापेक्षा अहोरात्रीच्या वेठीचे दुसरे नाव होते, आणि ते कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

दुसरे गाव पिंपळे सौदागर. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१४-१५ च्या सुमारास त्याची पाहणी केली व १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. नावात सौदागर असला तरी गाव शेतकऱ्यांचेच. मान यांनी जुन्या कागदांवरून सरासरी धारणक्षेत्र काढले, ते असे : १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० या काळात १४, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. या ओळीतील शेवटचा आकडा नेहमी उद्धृत होतो. मला पहिले दोन अधिक विचारार्ह वाटतात. सर्वांत मोठी घट कंपनी सरकार येण्यापूर्वीची आहे. एका गावाच्या सरासरीवरून सबंध प्रांताविषयी निष्कर्ष काढू नये, हे खरे; परंतु जमिनीच्या तुकड्यांचा सारा दोष इंग्रजी अमलाच्या पदरी टाकणाऱ्याला या आकड्यांना उत्तर द्यावेच लागेल.

१५६ खातेदारांची जमीन तेव्हा सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती, आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे शेतीवर नीट जगू शकत. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या जोडीने तग धरीत. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेच बसत नव्हता.

हेच आकडे १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहान धारणक्षेत्रांवरील इंग्रजी निबंधात हाती घेतले आणि त्यांचा अर्थ निराळा लावला. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते; भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्यात जाईल. शेतीवर साठलेला मनुष्यभार उद्योगधंद्यांकडे वळल्याखेरीज तुकडे जोडून उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने मात्र पुढे १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला, म्हणजे रोगाऐवजी लक्षणाला हात घातला.

मान यांची पाहणी चालू होती त्याच सुमारास, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील अनुभवातून लिहिलेला हा ग्रंथ गावाच्या शब्दसंपत्तीचा खजिना आहे. मान यांना जे कोष्टकात दिसले, ते आत्र्यांना खळ्यावर उभे राहून दिसले : रास मळली की कुणब्याच्या हाती काय उरते. मात्र त्यांची सहानुभूती कुणब्याच्या बांधापाशी थांबते. बलुतेदार, फिरस्ते, भिक्षेकरी यांच्याकडे ते मुख्यतः कुणब्याच्या माथ्यावरील भार म्हणून पाहतात. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकाने 'गावगाडा' अवश्य वाचावा. पण गावाचा तटस्थ साक्षीदार म्हणून नव्हे, गावातील एका पक्षाचा समर्थ वकील म्हणून.

लोणीकंदची पुन्हा पाहणी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी केली. कोट्सनंतरच्या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक १९६० मध्ये निघाले. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि मान यांनी मोजलेल्या शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. अठराव्या शतकातील अशा अनेक गावांचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतील फार थोडे देवनागरीत आले आहेत, आणि अन्य भारतीय भाषांत तर त्याहूनही थोडे.